एका माणसाचं तेल

कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस जाता जाता विचारतो, मॅडम, खायला कोणतं तेल चांगलं? नागपूरच्या प्रताप नगरात माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच घर. इतकी वर्षं काउंटरमागे उभी राहून माझं उत्तर ठरून गेलं आहे. एकच एक तेल चांगलं असं नसतं. शेंगदाण्याचं, करडीचं, तिळाचं, जे परवडेल आणि पोटाला मानवेल ते आलटूनपालटून वापरा. बाटली शेगडीजवळ ठेवू नका. धूर निघेस्तोवर तापवू नका. एकदा तळलेलं तेल पुन्हा तळायला घेऊ नका. आणि कोणतंही आणलंत तरी कमी घाला. हे शेवटचं ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला अशा एका तेलाचं नाव हवं असतं, जे आणल्यावर पहिल्यासारखंच खाता येईल.

मला स्वतःला तेल निवडायचा प्रश्न नव्हता. माझं तेल शहराच्या वेशीवर, वाडीला यायचं.

माझ्या नवऱ्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ते गावी, वडिलांच्या शेतावर राहायला गेले. एक हंगाम बघतो म्हणून गेले होते, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं भांडण झालेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ऐकणारा आधी भांडण शोधतो. त्यांना शेत आवडलं. मला दुकान सोडता येत नाही. परवाना माझ्या नावावर आहे, मी बसले नाही तर शटर उघडत नाही. मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. त्यामुळे इकडे मी एकटी, तिकडे ते एकटे, आणि दोघांचंही एकमेकांवाचून काही अडत नाही. अडलं असतं तर कोणीतरी कोणाकडे गेलं असतं.

शेतात ते सोयाबीन आणि तूर घेतात, आणि थंडीत एका तुकड्यात जवस पेरतात. जवसाचं तेल आमच्या भागात पूर्वीपासून जेवणात आहे. पिवळंधमक, जरा कडसर. भाकरी-ठेच्याबरोबर कच्चं घ्यायचं, नाहीतर गरम खिचडीवर वरून सोडायचं. महिना-दीड महिना झाला की ते तालुक्याच्या घाण्यावर जात, समोर उभं राहून तेल काढून घेत, पाच लिटरचा कॅन भरत आणि नागपूरकडे येणाऱ्या मालट्रकच्या ड्रायव्हरजवळ देत. मग मला फोन. "टाकलं. संध्याकाळी घेऊन ये." एवढंच.

वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामातले मुनीमजी तो कॅन खुर्चीखाली ठेवून घेत. मी दुकान थोडं लवकर बंद करून जाई, मागच्या वेळचा धुतलेला रिकामा कॅन त्यांच्या हातात देई आणि भरलेला स्कूटरवर दोन्ही पायांच्या मधे धरून, अमरावती रोडच्या ट्रकांमधून वाट काढत घरी येई. मुनीमजी एकदा म्हणाले, "वहिनी, तुमी हे तेल जेवता का त्यानं आंग धुता?"

हसण्यावारी नेलं, पण त्यांचा हिशेब बरोबर होता. पाच लिटर तेल एक बाई खाते कसं?

पाच लिटरचं माप माझ्या सासूबाईंच्या वेळचं. तेव्हा घरात जेवायला सात माणसं आणि वर पाहुणे. मग माणसं कमी होत गेली. कोणी वारलं, कोणी लग्न होऊन गेलं, मुलगी शिकायला गेली, शेवटी हेही गेले. माप मात्र कोणी बदललं नाही. त्यांच्या डोक्यात घराचं तेल म्हणजे पाच लिटर.

त्यातून जवसाचं तेल टिकत नाही. ताजं असतं तोवर त्याच्यासारखं गुणाचं तेल नाही, असं मीच लोकांना सांगते; पण हवा आणि उजेड लागला की ते लवकर खवटतं. उघडलेल्या कॅनला काही आठवड्यांत रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागतो. खवट तेल पोटात घालण्यापेक्षा न खाल्लेलं बरं. मी सगळं करून पाहिलं. फ्रीजमध्ये ठेवलं. शेजारी वाटलं. समोरच्या घरातल्या बाईंनी बाटली घेतली, तोंडभर कौतुक केलं आणि चार दिवसांनी ती बाटली धुऊन, साखर भरून परत दिली. त्यांच्या घरी तो कडसरपणा कोणाला चालला नसणार. पुन्हा देण्यात अर्थ नव्हता.

शेवटी मी ते दारांना लावायला सुरुवात केली. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि वर वाळून कडक होतं. सुतार पूर्वी हेच वापरत. पुढचं सागवानी दार झालं, खिडक्यांच्या चौकटी झाल्या, देवघर झालं, दुकानाचं काउंटर झालं, मग जिन्याचा कठडा. रविवारी दुपारी जुन्या ओढणीचा बोळा घेऊन मी तेल घासत बसे. कामाचं काम, आणि दुपार जायची. घरातलं एकही लाकूड कोरडं राहिलं नाही. कॅन रिकामा झाला की गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन, उन्हात वाळवून वाडीला परत.

"इतकं तेल पाठवू नका" एवढं सांगायचं होतं. दिवसभर लोकांना नको असतं ते सांगणाऱ्या बाईला हे जड जायला नको. फोन हातात घेऊन मी ते वाक्य पुष्कळदा जुळवलं. पण आमचे हे शब्दाचे पक्के. पाठवू नका म्हटलं की "बरं" म्हणतील आणि पाठवणार नाहीत. त्यात रागही नसेल. आमच्यातले बाकीचे फोन हळूहळू गळून गेले होते. विजेचं बिल मी इथून भरते, त्यांचं पेन्शन तिथं जमा होतं, मुलगी दोघांशी वेगवेगळी बोलते. नियमानं येणारा तेवढा एक तेलाचा फोन राहिला होता. तो बंद झाल्यावर फोन कशासाठी वाजेल, ते मला सुचत नव्हतं. म्हणून ते वाक्य दर वेळी राहून जाई आणि कॅन येत राही.

मग माझा रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं. मी अंगानं सडपातळ, साखर नाही, बीपी नाही. ज्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात येतात त्यांच्याकडेच गेले. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान आहेत. तेल कोणतं खाता, असं त्यांनी विचारलं आणि मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, आलटूनपालटून वगैरे. त्या हसल्या. म्हणाल्या, हे तुम्ही माझ्या पेशंटना सांगता ते मला माहीत आहे. तुम्ही रात्री काय जेवता ते सांगा.

मी रात्री जेवत नव्हते. दुकानाच्या बाजूला गाडी लागते, तिथला आलूबोंडा तर्री घालून मागवायचा आणि काउंटरमागे उभ्या उभ्याच खायचा. गिऱ्हाईक आलं की कागद खाली सरकवायचा. शटर पडेपर्यंत भूक मेलेली असे. एका माणसाचा कुकर लावणं हे काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाटीभर भात, मूठभर डाळ, आणि मागून तेवढीच भांडी. पहिली काही वर्षं मी ते करत होते. मग एक दिवस केलं नाही, दुसऱ्या दिवशी केलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. त्या गाडीवरच्या कढईतलं तेल सकाळपासून उकळत असतं, संध्याकाळपर्यंत चहासारखं काळं होतं. मला ते दुकानातून रोज दिसतं. दोन हात या बाजूला उभी राहून मी लोकांना सांगत असे की तळलेलं तेल पुन्हा वापरू नका.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. ती मला माझ्याच कपाटातून काढायची होती.

रिपोर्टचा फोटो मी मुलीला पाठवला, कारण तिनं मागितला. तिनं तो वडिलांना पाठवला. हे मला नंतर कळलं. आधी एवढंच दिसलं की महिना झाला, दीड महिना झाला, तेलाचा फोन आला नाही. धुतलेला कॅन जिन्याखाली वाळून पडला होता. मी म्हटलं, घाणा बंद असेल. आणखी काही दिवस गेले. एका कामासाठी फोन केला, तर त्यांनी कामाचं बोलून ठेवून दिला. तेलाचं मी विचारलं नाही. जे तेल आपण खात नाही ते का आलं नाही, हे कोणत्या तोंडानं विचारायचं?

आणि मग एका दुपारी ते स्वतःच आले. न सांगता. हातात फक्त कापडी पिशवी. मी एका म्हातारबांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत होते; हे बाहेर चप्पल काढून स्टुलावर बसले, गिऱ्हाइकासारखे. वाळले होते. दाढी पांढरी झाली होती. मी अर्धं शटर ओढलं आणि आम्ही वर आलो.

पाणी प्याले आणि त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तालुक्याच्या डॉक्टरकडे जाऊन त्यांनी माझ्या रिपोर्टविषयी विचारलं होतं आणि पथ्य लिहून आणलं होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच लिटर तेल महिन्या-दीड महिन्यात एकटी बाई संपवते, हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. रिकामा कॅन परत आला की त्यांना बरं वाटायचं, की चला, जेवते तरी व्यवस्थित. गावात कौतुकानं सांगायचे. आता रिपोर्ट पाहिल्यापासून त्यांना झोप नव्हती. आपणच आपल्या हातानं बायकोला तेल पाजून आजारी केलं, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तेल बंद. यंदा जवस पेरायचंच नाही, असं ठरवून आले होते. उरलेलं बीही विकून टाकणार होते.

"आता एक थेंब पाठवणार नाही तुले," ते म्हणाले. "जिवापेक्षा तेल मोठं आहे काय?"

खरं सांगितलं नाही तर तेल बंद. खरं सांगितलं तर तेल खातच नव्हते हे कळून तेल बंद. दोन्हीकडून मी तिथंच पोचत होते. मी काही बोलायच्या आत ते चूळ भरायला उठले आणि पुढच्या दारापाशी थांबले. दारावरून हात फिरवला. बोटाचा वास घेतला. मग खिडकीच्या चौकटीचा. मग देवघराचा. शेतकऱ्याला आपल्या मालाचा वास कळतो. ते माझ्याकडे वळले तेव्हा मला वाटलं, आता चिडतील.

"दरवाजा मस्त जेवून राहिला वं," ते म्हणाले. "तोच गुटगुटीत दिसते घरात."

मला हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, तेल कडू लागतं का, नीट निघत नाही का, घाणेवाला काही मिसळतो का. मी म्हटलं, तेलात काही खोट नाही. एका माणसाला ते सरत नाही, सरायच्या आत खवटतं. आणि हेही सांगितलं की मी रात्री स्वयंपाकच करत नाही, गाडीवरचं खाते. कोलेस्टेरॉल त्याचं असेल किंवा वयाचं असेल, तुमच्या जवसाचं नाही.

खाली कोणीतरी शटर वाजवत होतं. मी गेले नाही.

"मंग सांगितलं काहून नाही? इतके कॅन धुऊन धुऊन पाठवले."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाठवणं बंद केलं असतं."

ते खाली बघत होते. मला वाटलं, त्यांना अर्थ लागला नाही. पुन्हा सांगायची माझी तयारी नव्हती. मग, विषय बदलावा म्हणून, मी दुकानातला प्रश्न त्यांना विचारला: तुम्ही तिकडे कोणतं तेल खाता?

म्हणाले, दुकानातली सोयाबीन तेलाची पुडी. घाण्यावर काढलेलं तेल सगळं माझ्या कॅनमध्ये जायचं.

"घरचं जवस असून पुडी?" मी म्हटलं.

"एकट्यासाठी घाण्यावर कोण जाते वं. तुले पाठवायचं राहे म्हणून जाणं होये."

मी उठले आणि खिचडी टाकली. बऱ्याच दिवसांनी कुकरला दोघांची डाळ घेतली, अंदाज चुकला, जास्त झाली. वरून घालायला घरात खाण्यासारखं जवसाचं तेल नव्हतं. होतं ते खवटलेलं. शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी करून वाढली. ते दोनदा घेऊन जेवले आणि म्हणाले, मीठ कमी आहे. पथ्याच्या कागदावर तेही लिहिलेलं होतं, मी दाखवलं. संध्याकाळी त्यांना निघायचं होतं, पिकाला पाणी द्यायचं होतं. राहा असं मी म्हटलं नाही. त्यांनीही ते ऐकायला वेळ काढला नाही. जाताना त्यांनी जिन्याखालचा रिकामा कॅन उचलून पिशवीत घातला. एवढ्यानं मला पुष्कळ कळलं.

पुढच्या महिन्यात फोन आला. अर्धा कॅन भरून टाकला आहे, अर्धं तेल त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं आहे. अर्धा कॅनही एका माणसाला जास्तच, पण मी आता हुशारीनं घेतलं. दुकानात औषधांच्या काळसर काचेच्या बाटल्या असतात, त्यांत ते काठोकाठ भरलं, घट्ट बुचं लावली आणि फ्रीजमध्ये ठेवलं. एका वेळी एकच बाटली उघडायची. काचेतून उजेड जात नाही, वर हवा राहत नाही, तेल बरंच टिकतं. हे मला पूर्वीही सुचलं असतं. पूर्वी ते टिकवायचंच नव्हतं, संपवायचं होतं. पुढच्या खेपेला आणखी थोडं कमी पाठवा, असं मी सरळ सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि कमी पाठवलं. आता शटर पडलं की मी वर येऊन कुकर लावते, कारण उघडलेली बाटली थांबत नाही. आलूबोंडा अधूनमधून होतो. खोटं कशाला सांगू? पण रोजचा राहिला नाही. पुढच्या रिपोर्टात आकडा थोडा उतरला. त्यात गोळीचा वाटा किती आणि खिचडीचा किती, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही.

परवा संध्याकाळी मीच फोन केला. इकडची बाटली संपत आली होती, ते कारण होतं. बोलता बोलता विचारलं, तुमचं तेल किती उरलं? म्हणाले, आहे. मी म्हटलं, आहे म्हणजे किती? म्हणाले, अजून उघडलं नाही. पहिल्या खेपेचं होतं ते घरातल्या माठामागे, तसंच. त्यानंतरचंही तसंच. जेवायला काय केलं म्हणून विचारलं, तर सकाळची भाकरी आणि भाजी. भाजी पुडीतल्या तेलाची.

"काहून उघडलं नाही?"

"उघडू. काय घाई आहे. एकट्याचं जेवण ते काय."

दुकानात मी लोकांना समजावते, तसं त्यांना समजावणार होते. तेल खवटतं, न उघडलेलंही खवटतं, ठेवून उपयोग नाही. पण ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांचं वाढलेलं ताट बघायला कोणी नव्हतं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला माझ्या कपाटात गोळी नाही.

"आत्ताचं उघडा," मी म्हटलं. "मागचं गेलं असेल, ते राहू द्या. आत्ताचं. मी आहे फोनवर."

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. पावलं गेली, भांडं सरकलं, झाकण फिरवल्याची करकर झाली. मी वाट बघितली. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं.

"कसं लागते?" मी विचारलं.

"कडू."

"चटणी घ्या बरोबर."

"घेतली." मग चावत चावतच त्यांनी विचारलं, "तू जेवली?"

मी नाही म्हटलं. त्यांनी वाढून घे म्हटलं नाही आणि फोनही ठेवला नाही. माझा कुकर अजून निवायचा होता. मी फोन ओट्यावर उभा करून ठेवला, झाकण निघेपर्यंत तिथंच थांबले, आणि पलीकडून ते जेवत असल्याचा आवाज येत राहिला.